पद्मिनीचं हेड आणि दीड मिलीमीटर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण साधं आहे, नखांतलं ग्रीस निघत नव्हतं आणि लॅपटॉप कंपनीचा आहे :) असो.

तर झालं असं, की बाबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी दिवे घाटात लोड घेईनाशी झाली. वर्षातून एकदा जेजुरीला जायचं ते याच गाडीने आणि स्वतः चालवत, हा बाबांचा नेम. गेल्या वर्षी अर्ध्या घाटातच सेकंड टाकावा लागला, मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत, आणि बाबा सासवड येईपर्यंत गप्प. घरी आल्यावर म्हणाले, "विकून टाकू आता." गाडी विकायची म्हणजे बाबांनी गाडी चालवणं थांबवायचं, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

मी सॉफ्टवेअरवाला. परफॉर्मन्सचा प्रॉब्लेम दिसला की हात शिवशिवतात. वाचायला बसलो. हे इंजिन मूळचं फियाट ११०० चं, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. १९५३ साली इटलीत साध्या ११०० मध्ये ते ३६ हॉर्सपॉवर द्यायचं. त्याच वर्षी आलेल्या 'टीव्ही' मॉडेलमध्ये (तुरिस्मो व्हेलोचे, आपला टीव्ही नव्हे) तेवढ्याच सीसीतून फियाटने ५० च्या जवळपास काढले. कॉम्प्रेशन वाढवलं, दोन तोंडांचा वेबर कार्ब्युरेटर बसवला. म्हणजे जागा आहे की!

कार्ब्युरेटर बजेटबाहेर. बायकोने मंजूर केलेली रक्कम होती पंधरा हजार. राहिलं हेड. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं ते हेडमधून, आणि पेट्रोल जळतं तो चेंबरही त्यातच. हेडचा तळ मशीनवर घासला की चेंबर लहान होतो आणि कॉम्प्रेशन वाढतं. गणित सोपं आहे. एका सिलिंडरचे २७२ सीसी. चेंबर आणि गॅस्केटची जागा मिळून ४३ सीसी धरले, तर (२७२ + ४३) भागिले ४३, म्हणजे ७.३. तेच ३८ केले तर ८.२. त्यासाठी माझ्या हिशेबाने दीड मिलीमीटर घासायला हवं होतं. एक्सेल शीट तयार, मी खूश.

मेस्त्रींच्या मदतीने हेड उतरवलं आणि नाना पेठेत एका मशीनवाल्या काकांकडे नेलं. दीड मिमी म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "अहो साहेब, आत्ता किती आहे ते मोजलंय का?"

नव्हतं मोजलं. जगभरच्या ज्युनिअर पोरांना 'आधी मेजर करा, मग ऑप्टिमाइझ करा' असं सांगणारा मी!

हेड परत घरी. शाळेच्या लॅबमध्ये असायची तसली ब्युरेट आणली. प्लग लावले, चेंबरवर भोक पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ग्रीसने चिकटवला आणि थेंब थेंब रॉकेल सोडत चारही चेंबर मोजले. गॅस्केट धरून ४० च्या आसपास भरले. म्हणजे ४३ धरून केलेलं माझं गणित मुळातच चूक, कॉम्प्रेशन आधीच ७.८ होतं. कुणीतरी हे हेड आधीच घासलं होतं.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "अरे, ९८ साली घाटात हेड गरम होऊन वाकलं होतं. तेव्हा घासलंच होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

गाडीची सगळी हिस्टरी शेजारी चहा पीत बसली होती आणि मी नेटवर १९५३ सालचे आकडे शोधत होतो. वरून अजून दीड मिमी काढलं असतं, तर कॉम्प्रेशन नऊच्या जवळ गेलं असतं, इंजिन घाटात नॉकिंग करत बसलं असतं, आणि पुढच्या वेळी हेड वाकलं तर घासायला धातूच उरला नसता. कोडमधली चूक मागे घेता येते. कापलेलं अ‍ॅल्युमिनियम परत येत नाही.

मग दम गेला कुठे? हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पुन्हा रॉकेल भरलं आणि थांबलो. तीन आणि चार नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून ते खाली पोर्टमध्ये उतरू लागलं. सीट खराब, गाइड झिजलेले. हेड उतरवण्याआधी गेजवर या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन ९० ते ९५ पीएसआय आलं होतं, बाकीच्या दोघांचं १२० च्या पुढे. चार बैलांच्या गाडीत दोन बैल नुसतेच चालत होते.

काकांनी नवीन गाइड घातले, सीट तीन कोनांत कापल्या आणि हेड फक्त सपाट होण्यापुरतं हलकं घासलं. मी घरी ग्राइंडिंग पेस्ट लावून आठही व्हॉल्व्ह हाताने सीटवर बसवले. पोर्ट मोठे केले नाहीत. फक्त सीटखाली ओतकामाची जी पायरी राहते, ती ड्रिलला फ्लॅप व्हील लावून गुळगुळीत केली. एक्झॉस्ट चकचकीत केले, पण इनटेक जरा खरखरीतच ठेवले. कार्ब्युरेटरच्या इंजिनात आरशासारख्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचून वाहतात म्हणे.

खर्च सांगतो. ब्युरेट आणि अ‍ॅक्रिलिक ७००, पेस्ट, पॉलिश पेपर, फ्लॅप व्हील ९००, गॅस्केट सेट १,८००, मशीनचं काम ६,५००, ऑइल आणि कूलंट २,४००. एकूण १२,३००. चारही सिलिंडर आता १३० च्या आसपास आहेत. खरं म्हणजे यातलं फारच थोडं मॉडिफिकेशन. बाकी सगळं जे हरवलं होतं तेच परत मिळवणं.

गेल्या रविवारी जेजुरीला निघालो. बाबा चालवत होते. घाटात गेल्या वर्षीचं ते वळण आलं तसा त्यांचा हात सवयीने स्टिअरिंगमागच्या गिअरकडे गेला. गाडी थर्डमध्येच ओढत होती. त्यांनी हात तसाच परत स्टिअरिंगवर ठेवला.

गाडी विकायचा विषय तेव्हापासून निघालेला नाही. मीही काढत नाही.