चौदा सेंट खालचा गंधार

ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकातून एक बारीकशी गोष्ट निघून गेली. खर्जाच्या पट्टीवर बोट पडल्यापासून स्वर कानावर येईपर्यंतचा तो किंचित वेळ. पायाने चालवलेल्या भात्यामुळे हवा पितळी रीडमधून वाहू लागते, रीड हलू लागतं, हलता हलता त्याला लय सापडते आणि मग स्वर भरून येतो. रीड जितकं मोठं, तितका हा वेळ जास्त. मुरलेले ऑर्गनवादक खर्जाचं बोट अंमळ आधीच टाकत, म्हणून पदाची सम बरोबर पडायची. कीबोर्डवर ‘ऑर्गन’ लिहिलेलं बटण दाबलं की आवाज ओळखीचा येतो, पण बोटाबरोबर लगेच येतो, आणि सगळ्याच सप्तकांत सारखाच येतो.

मी सिंथेसायझरकडे वळलो तो हा वेळ परत आणायला. आमचा हंगाम भाऊबीजेनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी फिरतात. ज्या गावात मंडईची जत्रा किंवा शंकरपट ही बैलांची शर्यत, त्या गावात रात्री नाटक. पडदा रात्री उघडतो तो पहाटेकडे पडतो. आमचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव बाहेरच्या लोकांनी ऐकलं, आमच्याकडे ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हंगामात मी मंचाशेजारी कीबोर्ड वाजवतो. उरलेले महिने पोंभुर्ण्यात घरी बसून आवाज घडवतो.

नाटकात, लग्नात, भजनात जो कीबोर्ड दिसतो त्यात बहुतेक वेळा खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने असतात. बासरी दाबली की कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी वाजवलेली बासरी ऐकू येते. त्या यंत्रांवर माझं पोट आहे, त्यांना नावं ठेवणार नाही. पण सिंथेसायझर नमुन्यापासून सुरुवात करत नाही. त्याच्याकडे एक ऑसिलेटर असतो, तो साधी लहर काढतो. एक फिल्टर असतो, तो त्या लहरीतले वरचे स्वरांश कापतो. आणि एक एन्व्हलप असतं, ते चार प्रश्न विचारतं. आवाज किती वेळात उभा राहणार? उभा राहिल्यावर किती वेळात खाली येणार? बोट धरून ठेवलं तर कुठे टिकणार? बोट सोडल्यावर किती रेंगाळणार? अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. यांची उत्तरं तुम्हीच द्यायची. ऑर्गनसाठी मी खर्जाला साठ-सत्तर मिलिसेकंदांचा अटॅक देतो आणि पट्टी वर सरकेल तसा तो कमी करत नेतो. दोन ऑसिलेटर लावतो, एक ४४० हर्ट्झवर, दुसरा ४४२ वर. दोघांतल्या फरकामुळे स्वर सेकंदाला दोनदा हलके फुगतो आणि ओसरतो. दुहेरी रीडच्या पेटीत तेच होतं.

कान तयार व्हायला शाळा मात्र दुसरीच लागली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत अंधारी नदीकडच्या बांध्यांत रात्रभर बेडूक ओरडतात, आणि पाऊस उघडला की रातकिडे. मी ते आवाज मुद्रित करून वापरले नाहीत, यंत्रावर उभे करायचं ठरवलं. रातकिडा सोपा निघाला. चार-पाच हजार हर्ट्झची जवळजवळ शुद्ध साईन लहर, तिला फार झपाट्याने उघडत-मिटत न्यायचं, तीन-चार झटक्यांची एक जुडी करायची आणि मध्ये विश्रांती ठेवायची. बेडकाने मात्र खूप शिकवलं. ‘टर्र’ हा एक आवाज आहे असं आपण धरून चालतो. मी करवती लहर घेतली, तिच्यावर सेकंदाला पंचवीसच्या आसपास ठोके मारणारा एलएफओ, म्हणजे मंद गतीचा दुसरा ऑसिलेटर, लावला आणि फिल्टर तोंडासारखा अर्धा उघडा ठेवला, तेव्हा कळलं की टर्र ही सुट्या सुट्या ठोक्यांची रांग आहे आणि कान तिला एकसंध ऐकतो. त्यानंतर बोडीकाठी बसून ऐकताना मला वेगवेगळे बेडूक वेगळे ऐकू येऊ लागले. सिंथेसायझरचा खरा उपयोग मला इथे समजला. नवे आवाज काढून देण्याआधी तो ऐकायला लावतो.

ढोल आणि तबला यांचं प्रकरण याहून खोल आहे, तिथे थोडं थांबायला हवं. गोल पडद्यावर थाप पडली की मूळ कंपनाबरोबर इतर कंपनंही उठतात. साध्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या पडद्यात त्यांचं प्रमाण १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं येतं. म्हणून ढोलाचा, टिमकीचा आवाज जोरकस असतो, पण त्याला नेमका स्वर सांगता येत नाही. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की मृदंग-तबल्याची शाई हे गणित बदलते. मध्यभागी वजन वाढल्याने ती कंपनं सरळ पटीत, एक-दोन-तीन-चार-पाच अशी, येऊन बसतात. म्हणून तबला षड्जाला मिळवता येतो. हे वाचल्यावर मी यंत्रावर दोन वाद्यं शेजारी शेजारी बांधली. पाच साईन लहरी पूर्ण पटीत ठेवल्या, वरच्यांना लवकर मरू दिलं, सुरुवातीला बोटाच्या आघातासाठी कणभर नॉईज घातला. ‘ना’च्या जवळ जाणारं काहीतरी मिळालं. त्याच पाच लहरी १.५९, २.१४ वर सरकवल्या आणि समोर ढोल उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वीचा शोधनिबंध माझ्या उजव्या हाताखाली वाजत होता! ज्या कारागिराने पहिल्यांदा कातड्यावर शाईचे थर चढवले त्याच्या कानापुढे मी अजूनही नतमस्तक आहे.

टाळ आणि झांज मात्र या रीतीने येत नाहीत. त्यांना एफएम लागतं: एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवायची. जॉन चाउनिंग यांना हे स्टॅनफर्डमध्ये १९६७ मध्ये सापडलं आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मधून ते जगभर गेलं. दोन लहरींचं प्रमाण १ ला १.४ ठेवलं की काशाचा आवाज येतो. डीएक्स-७ आता कुठे मिळणार आणि दुरुस्त कोण करणार? पण डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याचे सहा ऑपरेटर आणि बत्तीस जुळण्या जशाच्या तशा चालवतं. पोंभुर्ण्यातल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता गंधाराकडे येतो.

आमच्या कंपनीत जुनी नाट्यपदं गाणारे एक ज्येष्ठ नट होते. काळी एक त्यांची पट्टी. एकदा तालमीत तंबोऱ्यावर गाताना थांबून मला म्हणाले, “बापू, तुझा गंधार टोचते रे.” टोचणारच होता. काळी एकचा षड्ज २७७.१८ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या तारेतूनच जो गंधार आपोआप उमटतो तो त्याच्या सव्वापट, म्हणजे ३४६.४८. कीबोर्डचा गंधार ३४९.२३. गायक तंबोऱ्याच्या गंधारावर उभा राहिला आणि मी पट्टी दाबून धरली, की दोघांत सेकंदाला जवळजवळ पावणेतीन ठोके पडतात. हेच सेंटमध्ये सांगायचं तर सप्तकाचे १२०० भाग. कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० वर, गळ्याचा ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. कोमल गंधार उलट्या बाजूला: कीबोर्डवर ३००, गळ्यात ३१६. ही तक्रार जुनीच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागच्या वादात हाही मुद्दा होता. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली ती याच दुखण्यावर.

सिंथेसायझरवर याचा इलाज आहे, आणि हार्डवेअर की सॉफ्टवेअर हा प्रश्न माझ्यापुरता इथूनच सुरू होतो. सर्ज हे सॉफ्टवेअर २०१८ पासून मुक्तस्रोत झालं, पैसे लागत नाहीत. त्याला बारा स्वरांची यादी सेंटमध्ये लिहिलेली एक छोटी फाईल देता येते. यमनसाठी मी लिहितो: रिषभ २०४, गंधार ३८६, तीव्र मध्यम ५९०, पंचम ७०२, निषाद १०८८. धैवतापाशी अडतो. रिषभाशी पंचमभावाने जोडला तर तो ९०६ वर येतो, गंधारावर मध्यमभावाने ठेवला तर ८८४ वर. दोन्ही खरे आहेत. पद कोणत्या अंगाने चालतं त्यावर ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना रागाशी जी झटापट होते ती मला कुठल्याही पुस्तकाने करू दिली नव्हती. हार्डवेअरमध्ये अशी मुभा कमी यंत्रांत असते. कॉर्गचं २०१७ चं मोनोलॉग त्यातलं एक. एका वेळी एकच स्वर काढतं, पण स्वतःची श्रुती लावू देतं आणि सहा पेन्सिल सेलवर चालतं. वादळी पावसात रात्रभर लाईट नसते तेव्हा याचं मोल कळतं.

गंधार सरळ न करताही राग यंत्रावर कसा उभा राहतो, याचं उत्तर मुंबईत एका माणसाने फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेऊन, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ‘ॲसिड हाऊस’ नावाचं संगीत निघालं, आणि २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाल्यावर जगाला कळलं की तसा आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. २०१५ मध्ये ते गेले. मी ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकतो ती पहिला कोण हे ठरवायला नव्हे. त्यांचा गंधारही ४०० सेंटचाच आहे, तरी टोचत नाही. कारण ते स्वराला एका जागी बसू देत नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय यंत्रात होती तिच्यातून त्यांनी मींड काढली, आणि स्वर हलता राहिला की ठोके पडायला वेळच मिळत नाही. टीबी-३०३ गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेलं यंत्र. ते त्या कामात चाललं नाही. रागाची ओढ असलेल्या हातात पडल्यावर ते काहीतरी वेगळंच बोलू लागलं.

याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग सिंथेसायझर आला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी त्यावर काम केलं होतं. त्या टेप अनेक दशकं कपाटात राहिल्या. आपल्याकडे हे संगीत कालपरवा आलं असं जे मानतात त्यांनी त्या जरूर ऐकाव्यात.

हार्डवेअरची एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही, आणि ती मला मंचाशेजारीच कळली. ॲनालॉग ऑसिलेटरचा स्वर तापमानाबरोबर सरकतो. डिसेंबरात आमच्याकडे संध्याकाळी ऊब असते आणि पहाटे तीनला दव पडतं. नांदीला मिळवलेलं यंत्र तिसऱ्या अंकापर्यंत थोडं सरकलेलं असतं, अंक बदलताना ते पुन्हा मिळवावं लागतं, जसा तंबोरा मिळवतात तसं. मला हे काम आवडतं. संगणकातला स्वर सरकत नाही, तो इतका स्थिर वाटतो की सर्जमध्ये तो मुद्दाम किंचित भरकटवायची एक कळ ठेवली आहे. शिवाय हार्डवेअरमध्ये एका खुंटीला एकच काम. खलनायक दाराशी आला की माझा डावा हात न बघता फिल्टरवर जातो. माऊसने ते होत नाही.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं आहे, उशीर. बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवायची जागा, ५१२ नमुन्यांचा ठेवला तर आवाज साडेअकरा मिलिसेकंदांनी मागे राहतो. इतक्या वेळात हवेतला आवाज चार मीटर जातो. १२८ वर आणला तर तीन मिलिसेकंदांखाली येतो, पण मग जुना लॅपटॉप घरघरतो आणि आवाज तुटतो. तालमीत हे चालून जातं. तबलजीबरोबर लावणी वाजवताना चालत नाही. म्हणून घरी मी सॉफ्टवेअरवर आवाज घडवतो, श्रुती लावतो, आणि मंचावर नेताना यंत्राची खुंटी हाताशी ठेवतो.

दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करणाऱ्या गावांतली पोरं आता मला विचारतात, “दादा, कोणतं यंत्र घेऊ?” मी म्हणतो, आधी काहीच घेऊ नका. सर्ज आणि डेक्स्ड उतरवून घ्या, साध्या हेडफोनवर रातकिडा करा, बेडूक करा, टाळ करा, मग ढोल. ढोलाला जिवंत थाप आली की त्याला तबला करून दाखवा. फाईलमध्ये गंधार ३८६ वर आणा आणि घरातल्या गाणाऱ्या माणसाला त्यावर गायला लावा. त्याच्या चेहऱ्यावर कळेल. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर एक स्वर काढणारं, सेलवर चालणारं, खुंट्या बाहेर असलेलं छोटं यंत्र घ्या. आणि घ्यायच्या आधी पोंभुर्ण्याला या. माझ्याकडे सॉफ्टवेअर आणि यंत्र दोन्ही आहेत, होळीनंतर कधीही आलात तरी चालेल.