काढणावळ

आजींनी पिशवी टेबलावर उलटी केली. साडीच्या दुकानाचं नाव पुसट झालेली, कुठल्याशा लग्नाच्या आहेरातली कापडी पिशवी. तिच्यातून कापलेल्या स्ट्रिपा, अर्धवट बाटल्या, चेपलेली मलमाची ट्यूब आणि रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर पडला. "ह्यातली कुटली ठिवू आन् कुटली टाकू, तेवढं सांगा डाक्टर," त्या म्हणाल्या.

मी जरा ऐटीतच रबर सोडलं. दुसऱ्याचा घोळ निस्तरायला मिळाला की डॉक्टरला आतून बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर अक्षर माझंच निघालं.

चिठ्ठ्या तारखेनं लावल्या आणि गोष्ट उलगडत गेली. गुडघे दुखतात म्हणून आजींना कधीतरी कुणीतरी डायक्लोफेनॅक दिलं होतं. ते संपलं की नातू मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवून नवी आणायचा. या औषधानं रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब मला दिसला, डायक्लोफेनॅक दिसलं नाही, म्हणून मी अम्लोडिपीन पाचाचं दहा केलं. दहाच्या डोसला अनेकांचे पाय सुजतात. हे मी शिकलेलो आहे, परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेले आहेत. तरी आजी सुजलेले पाय घेऊन आल्या तेव्हा मी लघवी जास्त होण्याची फ्रुसेमाइडची गोळी लिहिली. तिनं रात्री चार वेळा उठायची पाळी आली, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. त्यावर चक्करेची गोळी, बीटाहिस्टिन. डायक्लोफेनॅकनं जळजळतं म्हणून पँटोप्राझोल, तेही दोन कंपन्यांचं, दोन नावांचं. आजी दोन्ही घेत होत्या. एक पिवळी होती, एक पांढरी, म्हणजे औषधं दोन.

औषधाचा त्रास हाच नवा आजार समजायचा आणि त्यावर दुसरं औषध द्यायचं, या साखळीला पॉला रोशॉन आणि जेरी गरविट्झ या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं नाव दिलं. आपल्याकडे त्याला मारुतीचं शेपूट म्हणतात. फरक एवढाच, की हे शेपूट वाढवणारा मी होतो आणि लंका आजींची जळत होती.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझा दवाखाना आहे. जागा भाड्यानं घेतली तेव्हा आधीच्या वृद्ध डॉक्टरांचे कंपाउंडर मामा जागेबरोबरच माझ्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धंद्याचं मर्म सांगितलं. "डॉक्टरसाहेब, पेशंटच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. रिकाम्या हातानं गेलेला माणूस परत येत नाही." ते खोटं नव्हतं. सर्दीला सुई दिली नाही म्हणून माझ्या दारातून उठून पलीकडच्या दवाखान्यात गेलेली माणसं मी खिडकीतून पाहिली आहेत. जुन्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता, असं लोक आजही सांगतात. त्यांचं लाल औषध घ्यायला माणसं दोन एसट्या बदलून येत. मी ते औषध बनवायची कृती मामांकडून समजून घेतली. गुण येण्यासारखं तिच्यात फारसं काही नव्हतं. मग हातगुण हा भाबडेपणा, असं ठरवून मी मोकळा झालो.

पुढे के. बी. थॉमस या इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिशनरचा १९८७ सालचा एक छोटा अभ्यास वाचनात आला आणि तो निकाल मला मागे घ्यावा लागला. तपासून काही सापडत नाही, ठाम निदानही होत नाही, असे दोनशे पेशंट त्यांनी घेतले. काहींना ठामपणे सांगितलं, तुम्हाला हे झालंय आणि तुम्ही चार दिवसांत बरे व्हाल. काहींना सांगितलं, नक्की काय झालंय ते मला कळत नाही. दोन्ही गटांत काहींना गोळी दिली, काहींना नाही. गोळी म्हणजे जीवनसत्त्वाची किरकोळ मात्रा. दोन आठवड्यांनी विचारलं तेव्हा धीर मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. आणि गोळीचा फरक? घेतलेले ५३ टक्के, न घेतलेले ५०. म्हणजे हातगुण होता. तो मोजताही आला. फक्त तो बाटलीत नव्हता, आणि मामांना वाटत होतं तसा पेशंटच्या हातात काही पडण्यातही नव्हता.

दुसरा अभ्यास साउदॅम्प्टनच्या पॉल लिटल यांचा, १९९७ सालचा. घसा दुखणारे ७१६ पेशंट, तीन गट. एकाला लगेच अँटिबायोटिक, दुसऱ्याला अजिबात नाही, तिसऱ्याला सांगितलं, तीन दिवसांत उतार पडायला लागला नाही तरच घ्या. तिसऱ्या दिवशी बरे झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ३७, ३५ आणि ३० टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. तिसऱ्या गटातल्या ६९ टक्के लोकांनी औषध घेतलंच नाही. पण मला झोंबला तो वेगळाच आकडा. पुन्हा घसा दुखला तर डॉक्टरकडे जाल का, असं विचारलं तेव्हा औषध मिळालेल्या गटात ७९ टक्के हो म्हणाले, न मिळालेल्या गटात ५४. माझ्या दारातली गर्दी मला माझ्या कौशल्याची पावती वाटायची. ती बरीचशी मीच लावलेली सवय होती.

मी तो प्रयोग आपल्या दवाखान्यात करून पाहिला. चिठ्ठी हातात दिली, "तीन दिवस थांबा," म्हणालो. मेडिकल शेजारीच, पेशंट माझी पायरी उतरून त्याची चढला. मग चिठ्ठी माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलो. बरं वाटलं नाही तर तिसऱ्या दिवशी येऊन न्या, त्याचे पैसे नाहीत. अर्थात इंग्लंडचा घसा जसाच्या तसा इथे आणता येत नाही. आपल्याकडे घशातल्या जंतूमागून सांध्यांचा ताप येतो आणि तो पोराच्या हृदयाच्या झडपा खाऊन जातो. दहा वर्षांचं पोर, कडक ताप, टॉन्सिलवर पू, गळ्याला दुखऱ्या गाठी आणि खोकला मात्र नाही, असं दिसलं तर ड्रॉवर बंद. तिथे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध त्याच दिवशी, पूर्ण दिवसांचं.

आपल्याकडच्या साध्या दवाखान्यांत काय चालतं, हे पाहायचं मनावर घेतलं ते पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं. १ फेब्रुवारी २०११, मंगळवार. त्या एका दिवशी देशातल्या ८८० शहरांतल्या आणि गावांतल्या डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या पेशंटची नोंद केली. एकूण भरले २,०४,९१२. निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार श्वसनाची होती, आणि सर्वांत जास्त आढळलेलं लक्षण ताप, तिघांत एकापेक्षा थोडं जास्त. त्या मंगळवारी मीही दवाखान्यात होतो, त्या मोजणीत नव्हतो. पण ते आकडे वाचताना माझंच रजिस्टर कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं.

कारण ताप म्हणजे रोगाचं नाव नव्हे. ते नाव मोठ्या दवाखान्यात चौथ्या दिवशी कळतं, रक्ताचे कागद हातात आल्यावर. आमच्याकडे माणूस पहिल्या संध्याकाळी येतो, अंग मोडून आलंय, कणकण आहे, एवढंच घेऊन. तो फ्लू असेल, टायफॉइड असेल, डेंगी असेल. मला माहीत नसतं, आणि तेवढ्यात चिठ्ठी लिहायची असते. माहीत नसल्याची भीती चिठ्ठीवर कशी उतरते, हे बघायचं तर ओळी मोजाव्यात. एक गोळी तापाची, एक जंतूंची, एक मलेरिया असलाच तर त्याची, एक पित्ताची आणि एक ताकदीची. पाच ओळी झाल्या की पान भरल्यासारखं दिसतं.

खरं तर त्या संध्याकाळी बहुतेकदा दोनच ओळी पुरतात. पहिली पॅरासिटामॉलची. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको, कारण डेंगी निघाला तर ती रक्तस्राव वाढवू शकतात. दुसरी ओळ कुठल्याच औषधाची नाही. मी ती मराठीत लिहितो, सुटी अक्षरं काढून, वाचूनही दाखवतो: "ताप उतरल्यावर पोटात फार दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोर मलूल पडलं, तर रात्री बाराला आणा." ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि डेंगीत दगा नेमका तेव्हाच होतो. ही ओळ कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ती लिहायला गोळीच्या नावाच्या दसपट वेळ लागतो. म्हणून रांग वाढली की सर्वांत आधी तीच गळते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी आजींची पिशवी भरलीच. ज्या रात्री ती टेबलावर ओतली गेली त्या रात्री मी दोनशे पानी वही घातली. आमच्याच जिल्ह्यातल्या औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास डॉ. अनंत फडके यांनी फार पूर्वी केला होता. त्याचं पुस्तक १९९८ सालचं. ते मी वाचलं होतं, मान डोलावली होती, इतर डॉक्टरांविषयी वाचतोय अशा थाटात. आता स्वतःच्या हाताचा हिशेब मांडायचा होता. वहीत तीन रकाने आखले. लिहिलेलं प्रत्येक औषध एका रकान्यात टाकायचं: रोगासाठी, रोग्यासाठी, माझ्यासाठी.

पहिल्या दोन रकान्यांचं समजतं. खोकला औषधानं जाणार नाही, पण बाईला चार रात्री झोप नाही, घरात सासू बोलते, म्हणून एक बाटली, ती रोग्यासाठी. तिसरा रकाना मात्र भरायला जड गेला. उद्या बिघडलं तर माझ्यावर येऊ नये म्हणून लिहिलेलं अँटिबायोटिक. समजावायला पाच मिनिटं लागतील, लिहायला पाच सेकंद, म्हणून लिहिलेलं. पलीकडचा देतो म्हणून लिहिलेलं. सकाळी हा रकाना जवळपास कोरा असायचा. संध्याकाळी साडेसातनंतर, बाजाराच्या दिवशी तर सातपासूनच, सगळी शाई तिथे. अमेरिकेत जेफ्री लिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं होतं: सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण सत्राच्या पहिल्या तासात कमी, मग तासातासाला चढत जाणारं, दुपारचं सत्र सुरू झालं की पुन्हा खाली येऊन तसंच चढणारं. जंतू घड्याळ बघत नाहीत. थकतो तो हात.

यावर माझ्याकडे मोठा इलाज नाही. साडेसहाला दहा मिनिटं उठून चहा पितो, आणि तिसऱ्या रकान्यातली ओळ लिहायच्या आधी पेन खाली ठेवतो. वही रोज भरत नाही. पण ड्रॉवरमध्ये ती आहे, एवढंही पुष्कळदा पुरतं.

आजींच्या पिशवीला तीन खेपा लागल्या. गोळ्या एका दमात काढत नाहीत; जिन्यावरून उतरावं तसं एक पायरी, मग थांबायचं. रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितलं. पहिल्या खेपेला डायक्लोफेनॅक बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि खुर्चीवर बसून पाय सरळ धरून दहा अंक मोजायचा व्यायाम. "दहाच्या म्होरं येत न्हाय मला," आजी म्हणाल्या. दहापर्यंतच मोजायचं होतं. रक्तदाब उतरू लागला तशी अम्लोडिपीन पुन्हा पाचावर आली, पायांची सूज ओसरली, लघवीच्या गोळीचं कामच उरलं नाही. त्याबरोबर चक्कर गेली आणि चक्करेची गोळीही. पँटोप्राझोल आपोआप सुटलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही.

तिसऱ्या खेपेला आजी चपला घालून आल्या. सुजेमुळे त्या कित्येक महिने मुलाच्या सपाता ओढत चालत होत्या. मी तपासलं, बोललो, केस पेपरवर नवीन काही लिहिलं नाही. बाहेर मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि आत डोकावले. "साहेब, ह्यांचे किती घ्यायचे? कागदावर तर काहीच नाही."

"नेहमीचे," मी म्हणालो.

आजी दारातच थबकल्या. "आन् ते कशाचं? सुई न्हाय, गोळी न्हाय, काय दिलंच न्हाय की तुमी!"

"दिलं नाही आजी, पण चार औषधं काढली."

त्यांनी क्षणभर विचार केला. दळणाचे, शिवणाचे, दागिन्याच्या घडणीचे पैसे त्यांनी जन्मभर मोजले होते. हा आकार नवा होता. कनवटीची पिशवी सोडत त्या मामांकडे वळल्या. "बरं मग, काढणावळ किती?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. मला आकडा सांगता येईना. लिहिलेल्या ओळीची किंमत मला ठाऊक होती, खोडलेल्या ओळीची कुणी शिकवलीच नव्हती. त्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर वही काढली, तीन रकान्यांच्या शेजारी पट्टीनं चौथी रेघ मारली आणि वर आजींचा शब्द लिहिला.