काशीमीऱ्याची हौदेवाली डॉज

दहिसरचा चेकनाका मागे पडला की मुंबई संपली, असं कागदोपत्री म्हणायचं. डोळ्यांना मात्र काहीच संपल्यासारखं दिसत नाही. हायवे तोच, ट्रकांची रांग तीच, उंच इमारतीही तशाच. फक्त उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर जरा जवळ सरकतो, डाव्या हाताला मीरा रोड-भाईंदरकडे मोठा रस्ता फुटतो, आणि कंडक्टर ओरडतो, "चला, काशीमीरावाले!"

नाव जोडून म्हटलं की एकच गाव वाटतं. पण काशी वेगळं आणि मिरे वेगळं, बरं का! दोन शेजारी गावं, दोन्ही ठाणे जिल्ह्यातली. हायवेच्या चौकाने त्यांची नावं एकत्र बांधून टाकली. एके काळी इथे भातशेती होती आणि पश्चिमेला खाडीपर्यंत मिठागरं. आता शेतं शोधावी लागतात. पण सरळ पुढे गेलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक घोडबंदरवरून ठाण्याला, दुसरा वसईची खाडी ओलांडून थेट गुजरातेत. म्हणजे रात्रंदिवस गाड्या. आणि जिथे गाड्या, तिथे गॅरेज! टायरवाला, पंक्चरवाला, पाट्यांना ताव देणारा, रेडिएटरला झाळ लावणारा, सगळे हाकेच्या अंतरावर.

अशाच एका गॅरेजात मी आणि माझी भाची गेलो होतो. भाची सातवीत आहे. तिला गाड्यांचं भारी वेड. माझ्या एका मित्राने सांगितलं होतं, "काशीमीऱ्याला एक जुनी अमेरिकन गाडी दुरुस्तीला आली आहे, बघून घ्या." आम्ही रविवार साधला.

गॅरेजच्या मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, ती उभी होती. पुढून पाहिली तर जुन्या सिनेमातल्या शेठजींची मोटार. गोल गोल मडगार्ड, फुगीर बॉनेट, भला मोठा क्रोमचा बंपर. भाची टाळ्या पिटत मागे धावली आणि तिथेच थबकली.

"मामा, हिची पाठ कुठे गेली?"

खरंच की! पुढच्या दोन दारांपर्यंत मोटार, आणि त्यानंतर चक्क टेम्पोसारखा लाकडी हौदा. त्याला मागे लोखंडी पट्ट्यांचा फाळका. जणू एका जनावराला दुसऱ्याच जनावराची शेपूट लावली होती.

मिस्त्रीकाका हात पुसत आले. "डॉज आहे. पन्नासच्या दशकातली. कुर्ल्याला जोडलेली."

कुर्ल्याला? अमेरिकन गाडी आणि कुर्ल्याला? हो! मुळात अमेरिकन गाड्या मुंबईला नव्या नव्हत्या. जनरल मोटर्स या कंपनीने 1928 मध्येच शिवडीला कारखाना काढला होता. तिकडून सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने यायचे आणि इथे त्यांची शेवरोले उभी राहायची. मग 1944 मध्ये सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज, प्लायमाऊथ, डिसोटो अशा गाड्या जोडायला सुरुवात झाली. पुढे याच कारखान्यातून फियाट निघाली, आणि तिचीच झाली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. ती टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

पण मग हौदा? तोही कारखान्यातूनच आला होता का?

इथे थोडं परदेशात जाऊन यावं लागेल. 1925 मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच मागे छोटा हौदा लावून ती 281 डॉलरला विकायला काढली. त्यानंतरची गंमत ऑस्ट्रेलियातली आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. तिचं म्हणणं असं, की आम्हाला अशी एकच गाडी द्या, जिच्यात बसून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी तिच्यातूनच डुकरं बाजारात नेता येतील. दोन गाड्या घेण्याएवढे पैसे कुणाकडे होते? लू बँट नावाच्या तरुण अभियंत्याने ते काम हाती घेतलं आणि 1934 मध्ये तशी गाडी बाजारात आली. पुढे मोटारीची ऐट, मागे टेम्पोचं काम!

अमेरिकेत हेच रूप 1957 मध्ये फोर्डने आणलं. त्या गाडीचं नाव रँचेरो. लगेच 1959 मध्ये शेवरोलेने एल कॅमिनो आणली. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'रस्ता'. रँचेरो 1979 पर्यंत बनत होती. एल कॅमिनो मध्ये तीनेक वर्षं बंद पडली, पण 1964 ला परत आली आणि 1987 पर्यंत टिकली. आज तिकडे या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं आहेत. कुणी शेतातल्या गोठ्यामागे गंजत पडलेली गाडी उचलून आणतो आणि वर्षानुवर्षं शनिवार-रविवार तिच्यावर घालवतो. त्यांच्यातही दोन तट! एक म्हणतो, गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच हवी, स्क्रूसुद्धा त्याच जातीचा. दुसरा म्हणतो, रूप जुनं ठेवा, पण पोटात नवं घाला. डिस्क ब्रेक लावा, बारा व्होल्टची वायरिंग करा, पट्टे लावा, म्हणजे लेकराबाळांना घेऊन हिंडता येईल. दोन्ही तट एकमेकांशी तावातावाने भांडतात आणि संध्याकाळी एकाच बॉनेटखाली डोकं घालून उभे राहतात.

(आपल्याकडे याच्या उलट झालं, ते माहीत आहे का? पुण्याच्या टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाईल हा पिकअप काढला आणि 1991 मध्ये त्याच्याच सांगाड्यावर टाटा सिएरा ही मोटार बांधली. तिकडे मोटारीचा टेम्पो, इकडे टेम्पोची मोटार!)

तर आता आपण परत काशीमीऱ्याला येऊ. आपली डॉज काही रँचेरोची बहीण नव्हे. ती कुर्ल्याहून निघाली तेव्हा चार दारांची साधीसुधी मोटार होती.

"कशावरून?" भाचीने विचारलं.

मिस्त्रीकाकांनी तिच्या हातात एक लोहचुंबक दिलं. "फिरव गाडीवरून. सांग कुठे चिकटतंय, कुठे नाही."

ती बॉनेटपासून निघाली. टक्, टक्, टक्. चुंबक पत्र्याला घट्ट बसत होतं. पुढच्या दाराच्या मागे आली आणि चुंबक निसटून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. "इथे लोखंड नाहीच!"

"लोखंड आहे, पण खोल. वर लांबी भरलीय बोटभर. हीच ती कापल्याची जागा."

मग त्यांनी आम्हाला हौद्याखाली वाकून बघायला लावलं. बॅटरीच्या उजेडात जुनी फरशी दिसली, म्हणजे गाडीची पत्र्याची फरशी हो! तिच्यावर चार गंजके बोल्ट तसेच उभे होते. मागची सीट तिथे बसवलेली असायची. सीट गेली, छप्पर गेलं, मागची दोन दारं गेली. बोल्ट काढायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत, म्हणून एवढा पुरावा उरला. रंगाचंही तसंच. काकांनी दारावर एका जागी पॉलिशपेपर घासला होता. तिथे एकात एक कडी दिसत होती. वर निळा, मग राखी, मग पुन्हा एक निळा आणि अगदी आत फिकट हिरवा. तो कुर्ल्याचा.

गाडी एवढी कापायचं कारण काय? कारण पेट्रोल! या गाडीला सहा सिलिंडरचं इंजिन. त्याचे व्हॉल्व्ह वर नसून सिलिंडरच्या बाजूला असतात, म्हणून डोकं डब्याच्या झाकणासारखं सपाट. इंजिन दणकट आणि तब्येतीने थंड. पण पेट्रोल पिणार ते घटाघटा. 1973 मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले, तेव्हा अशा गाड्या पाळणं म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं. मालक पडेल त्या किमतीत विकायचे. मग कुणी ती घेऊन मागून कापायचा, हौदा लावायचा आणि कामाला जुंपायचा. काही गॅरेजांनी तर बंद पडलेल्या गाड्या ओढायला असल्या गाड्या ठेवल्या होत्या.

ही गाडी अशीच काशी गावातल्या एका शेतकऱ्याने घेतली होती. पुढे तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसवलं आणि तिचं मूळ इंजिन गोणपाटात गुंडाळून घरात ठेवलं. पहाटे भाजी दादरला, येताना पेंड आणि किराणा. दिवाळीनंतर पेंढ्याचे भारे. तो शेतकरी आता नाही. गाडी वीसेक वर्षं पडवीत पडून होती. त्यांचा नातू बँकेत नोकरीला आहे. त्याने ती ओढत इथे आणली, गोणपाटातल्या इंजिनासकट.

आम्ही बोलत असतानाच तो नातू आला. सोबत त्याची आजी. ऐंशीच्या घरातली, काष्ट्याचं लुगडं, पायात रबरी चपला. नातू जरा काळजीत दिसला, आणि का ते आम्हाला लवकरच कळलं.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये खास नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली असतील, गाडी धंद्याची नसेल आणि मूळ रूपात सांभाळलेली असेल, तर तिला मानाचा नंबर मिळतो. त्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. अशी गाडी रोजच्या कामाला नाही वापरायची, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. पण सांगाड्यात, इंजिनात किंवा बॉडीत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे डॉजचं मूळ इंजिन परत बसवलं, सहा व्होल्टची वायरिंग केली, तरी हौदा आडवा येतो!

एका गाडीप्रेमी गृहस्थाने नातवाला सांगितलं होतं, "माझ्याकडे दुसऱ्या डॉजचं छप्पर आणि मागची दारं आहेत. हौदा उतरवा, हिला पुन्हा मोटार करू. मी चांगले पैसे देऊन घेतो." नातवाला पैसे तर हवेच होते. आणि गाडी रॅलीत मिरवावी, असंही त्याला मनातून वाटत होतं.

"तुम्ही काय म्हणता?" त्याने मिस्त्रीकाकांना विचारलं.

काका लगेच बोलले नाहीत. एका डब्यात डिझेल घेऊन ते कसलासा नट धूत राहिले. मग म्हणाले, "करता येईल. पण दुसरीचं धड हिला जोडायचं, तर ती मूळ कशी? कारखान्याने हिला चार-पाच वर्षं गेली असतील तेवढंच रूप दिलं नाही का, वीस वर्षं म्हणा. हौदा चाळीसहून जास्त वर्षं आहे. मला विचारशील तर पत्रा नीट करतो, ब्रेक नवे घालतो, हौदा सागाचा करतो. मानाचा नंबर नाही मिळणार. आणि रस्त्यावर न्यायची तर कागद, तपासणी, सगळं तुलाच बघावं लागेल. बदल कागदावर चढलेला आहे का, तेही बघ."

खरं सांगतो, मी मनातून त्या गाडीप्रेमी गृहस्थाच्या बाजूचा होतो. ते गोल मडगार्ड, ते क्रोम, आणि मागे तो खोका! डोळ्यांना खुपतंच. भाची मात्र हट्टाने म्हणाली, "मामा, हौदा काढला तर ही कुणाचीही गाडी होईल." मी म्हटलं, "अगं, पण सुंदर होईल." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो.

आजीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती गाडीभोवती सावकाश फिरत होती. बॉनेटवर डॉजच्या मेंढ्याची खूण असायची, तिथे आता नुसती दोन भोकं होती. त्यांतल्या एका भोकात तिने बोट घालून पाहिलं. आत वाकून स्टीअरिंगजवळची गिअरची दांडी हलवून पाहिली. मग ती मागे गेली.

"फाळका उघडत नाही, आजी," मिस्त्रीकाका म्हणाले. "चार दिवस झाले, कडी गंजून बसली आहे. आज कापणारच आहे." आणि त्यांनी हातोडा उचलला.

आजीने त्यांना हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. लुगडं जरा वर खोचलं, फाळक्याला खालून गुडघ्याने एक रेटा दिला, डाव्या हाताने कडी आपल्याकडे ओढली आणि मग वर उचलली. खट्ट!

फाळका खाली आला. त्याच्या खाचेत अडकलेल्या पेंढ्याच्या दोन काड्या जमिनीवर पडल्या. आजी फाळक्यावर टेकली आणि नातवाला म्हणाली, "चहा सांग रे सगळ्यांना."

मिस्त्रीकाकांनी हातोडा खाली ठेवला.