हातोड्याच्या टप्प्यात

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतलं जग लख्खच दिसतं. पुढे ५०ची लेन्स असो की ३५ची, ते जग तेवढंच राहतं. बदलतात त्या फक्त त्यात उमटणाऱ्या पांढऱ्या चौकटी. माझ्या लायका एम१० मध्ये सर्वांत बाहेरची चौकट २८ मिलिमीटरची आहे, आणि माझ्यासारख्या चश्मेवालीला तिचे चारही कोपरे एका वेळी कधीच दिसत नाहीत. डोळा इकडे तिकडे फिरवत ती अंदाजानं जुळवायची. तीसुद्धा काही पहिल्यापासून नव्हती. १९५४च्या एम३ मध्ये ५०च्या पलीकडची चौकटच नव्हती. २८ची चौकट यायला १९८०च्या आसपासचा एम४-पी उजाडावा लागला. त्याहून रुंद लेन्स लावायची तर फ्लॅशच्या जागी एक वेगळा छोटा व्ह्यूफाइंडर बसवायचा आणि फ्रेम तिथून ठरवायची. म्हणजे खिडक्या दोन. एकीतून फोकस, दुसरीतून फोटो.

ही कटकट माहीत असूनही मी २१ची लेन्स घेतली. फोक्टलेंडरची कलर-स्कोपार, एफ ३.५. नाव जुनं, व्हिएन्नात १७५६ साली सुरू झालेल्या घराण्याचं. लेन्स मात्र जपानच्या नागानो प्रांतातल्या कोसिनाची. वजन १८० ग्रॅम, पुढचा फिल्टर जेमतेम ३९ मिलिमीटरचा. कॅमेऱ्यावर लावली की पुढे काही आलंय असं वाटतच नाही. हे मला हवंच होतं, कारण मी जिथे काम करते तिथे मोठं नळकांडं समोर धरलं की हात थबकतात आणि चेहरे सावध होतात.

ती जागा म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईपासून तांब्याचं काम करणारी ही वस्ती. बंब आणि घंगाळं आता कमी झाली, दिवे आणि शोभेच्या वस्तू वाढल्या, पण मठारकाम तेच. घडवलेल्या भांड्यावर एकसारखे, एकाला एक लागून ठोके देत जायचं. त्यानं पत्रा घट्ट होतो आणि अंगावर ती ओळखीची चकाकी येते. कारखाने म्हणजे वाड्यांच्या तळमजल्यावरच्या खोल्या. भिंतीला टेकून पत्रे, मधोमध ऐरण, कोपऱ्यात भट्टी, माणूस जमिनीवर बसलेला. बघणाऱ्याला उभं राहायला जागा म्हणजे उंबरठा.

अशा खोलीत ३५ची लेन्स आखडते. हिशेब साधा आहे. मीटरभर अंतरावर ३५च्या चौकटीत रुंदीला मीटरभरच मावतं: माणूस आणि भांडं, संपलं. त्याच अंतरावर २१ची लेन्स पावणेदोन मीटर घेते. मग ऐरण, भट्टीचं तोंड, भिंतीवर टांगलेले हातोडे आणि त्यांच्या बाजूचा देवाचा फोटो, सगळं त्या माणसाच्या आसपास येतं. माझ्या आधीच्या फोटोंमध्ये माणसं छान होती, पण ती कुठे बसली आहेत ते कळत नव्हतं. तांबट आळीतले म्हणा की मुरादाबादचे, काही फरक पडला नसता.

लेन्स घेण्याआधी मला भीती होती ती रंगाची. वाइड लेन्स आणि रेंजफाइंडर यांचं जुनं सख्य. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो. तो वर उडायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. तेवढ्यासाठी उलट्या दुर्बिणीच्या तत्त्वावरची रेट्रोफोकस रचना करावी लागली. फ्रान्सच्या पिएर आँजेन्यू यांनी १९५० मध्ये ती छोट्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. लेन्सचा मागचा भाग खुशाल आत, शटरच्या पडद्यापाशी नेता येतो. लुडविग बेर्टेले यांनी त्सायससाठी रचलेली २१ची बायोगॉन किंवा १९५८ची लायकासाठीची सुपर-अँग्युलॉन या अशाच, मागून भरघोस असलेल्या, दोन्ही बाजूंनी जवळपास सारख्या लेन्स. सरळ रेषा त्यांत सरळच राहतात. फिल्मवर त्यांचा दबदबा होता.

मग फिल्मच्या जागी सेन्सर आला आणि हाच गुण अंगाशी आला. फिल्मला प्रकाश किती तिरका पडतो याचं फारसं सोयरसुतक नसतं. सेन्सरला असतं. त्याचा प्रत्येक पिक्सेल खोलगट असतो, त्यावर सूक्ष्म भिंग आणि वर काचेचा थर. लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या इतका जवळ, की कडांकडे जाणारे किरण फार तिरके पोहोचतात. थोडा प्रकाश शेजारच्या वेगळ्या रंगाच्या पिक्सेलमध्ये सांडतो आणि चित्राची एक कड गुलाबी, दुसरी हिरवट होते. एप्सनचा आर-डी१ हा २००४चा पहिला डिजिटल रेंजफाइंडर या त्रासातून बराचसा सुटला, कारण त्याचा सेन्सरच लहान होता. पण मग २१ची लेन्स त्यावर साधारण ३२ची व्हायची आणि वाइड घेतल्याची मजाच जायची. २००९च्या एम९ मध्ये सेन्सर पूर्ण आकाराचा आला, आणि कडेच्या पिक्सेलांवरची भिंगं मध्याच्या बाजूला सरकवून तिरका प्रकाश पकडायची युक्ती तिथे चांगलीच पणाला लागली.

या रंगदोषावर बरेच जण एक पळवाट काढतात: सरळ कृष्णधवल करायचं. मला ती वाट बंद होती. तांब्याचं काम आणि कृष्णधवल? भट्टीतून निघालेलं तांबं काळपट, धुतल्यावर गुलाबी, मठारल्यावर सोनेरीकडे झुकणारं. काम कुठवर आलंय ते रंगावरून कळतं. त्यातून कडेचा दोषही नेमका गुलाबीच. फ्रेमच्या डाव्या टोकाला दिसणारी झाक घंगाळाची की लेन्सची, हे मलाच सांगता आलं नसतं, तर बघणाऱ्यानं काय ओळखावं?

म्हणून लेन्स आळीत नेण्याआधी घरच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरली. ढगाळ दिवस, दिवे बंद, वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरला तेच ते कंटाळवाणं चित्र. रंगाचा डाग जवळजवळ नव्हता. ही लेन्स २०१८ची, डिजिटलचं दुखणं माहीत असलेल्यांनी केलेली. कोपरे मात्र काळवंडत होते. त्यामागे भूमिती आहे. प्रकाश जितका तिरका तितका तो झपाट्यानं कमी होतो, कोसाइनच्या चौथ्या घातानं. २१ची लेन्स कर्णावर जवळपास ९१ अंश बघते; या हिशेबानं कोपऱ्यात मध्याच्या पाव प्रकाश पोहोचतो. प्रत्यक्षात लेन्स रचणारे त्यात थोडी सूट मिळवतात, कॅमेराही आतल्या आत काही भरपाई करतो. ही लेन्स कोणती हे कॅमेऱ्याला आपणहून कळत नाही, त्यामुळे मेन्यूतून तिच्या जवळपासची एखादी लायका लेन्स निवडून द्यावी लागते. मी बऱ्याचदा ती भरपाई बंदच ठेवते. खोलीत उजेड दारातून आणि भट्टीतून येतो, कोपरे तिथे खरोखरच काळे असतात. ते उजळून कोणाचं भलं होणार?

एफ आठ, फोकस दोन मीटरवर, आणि मग फोकसचं नाव काढायचं नाही. २१ची लेन्स असल्यामुळे मीटरभरापासून दूरच्या भिंतीपर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. रेंजफाइंडरची ती दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवायची सुंदर यंत्रणा या लेन्सला जवळपास बेकार होते. त्याचं थोडं वाईट वाटतं, मी हा कॅमेरा घेतला तो तिच्यासाठीच. पण एक खिडकी सुटते. डोळा वरच्या छोट्या फाइंडरला लावला की काम भागतं. हा फाइंडर लेन्सच्या वर बसलेला असल्यानं जवळच्या वस्तूला फसवतो: त्यात डोक्यावर जी मोकळी जागा दिसते ती फोटोत तेवढी येत नाही, खालची फरशी मात्र जास्त येते. चार बोटं वर धरायचं, एवढंच लक्षात ठेवलं.

सवय करावी लागली ती कॅमेरा सरळ धरायची. २१ची लेन्स जराशी खाली झुकवली की खोलीचे खांब खालच्या बाजूला एकमेकांकडे कलतात आणि जमिनीवर बसलेला माणूस खड्ड्यात असल्यासारखा दिसतो. उभं राहून त्याचा फोटो घेणं शक्यच नाही. मांडी घालून, कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर आणून बसायचं. ३५ला वरून थोडं टिपून घेता येत होतं. आता गुडघ्यांनी काय ते भोगायचं. या बसण्यानं एक झालं, काम करणाऱ्यांशी बोलणं वाढलं. उभ्या माणसाशी लोक एक वाक्य बोलतात.

कडांचं प्रकरण मात्र नाजूक. सरळ रेषा सरळ ठेवायची किंमत ही लेन्स गोल गोष्टींकडून वसूल करते. रुंदीच्या टोकाला असलेलं डोकं उंचीपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त रुंद येतं. हा लेन्सचा दोष नाही, सपाट कागदावर एवढा मोठा कोन पसरला की हेच होणार. घंगाळाला ते चालतं, लंबगोल घंगाळ कोणी मनावर घेत नाही. माणसाला चालत नाही. कडेला आलेला मुलगा फुगलेल्या गालांचा दिसतो आणि बघणारा हसतो. सबब माझा नियम झाला: चेहरा मधल्या पट्ट्यात, कडांना भांडी, भिंती, हत्यारं. रघुबीर सिंह यांचं १९९४चं मुंबईवरचं पुस्तक मी या निमित्तानं पुन्हा काढून बसले. आरसे, काचा, दारं यांनी त्यांच्या फ्रेमी काठोकाठ भरलेल्या असतात, आणि तरी मधला माणूस चेंगरत नाही. काठ भरणं म्हणजे काठाला माणसं कोंबणं नव्हे, हे तिथे बघावं.

मंडईत ही लेन्स सपशेल पडली. १८८०च्या दशकातली ती इमारत, उंच छत, वर अष्टकोनी मनोरा. वाटलं होतं हिला हीच लेन्स शोभेल. पण चित्रात निम्मी फरशी, निम्मं छत आणि मधे मुंग्यांएवढे भाजीवाले. एवढं सगळं मावून बघण्यासारखं काही उरेना. वाइड लेन्सनं मोठी जागा मोठी दिसत नाही, रिकामी दिसते.

आळीत परत गेले तेव्हा हे डोक्यात होतं, आणि मी पुढे सरकत गेले. मीटरभर. त्याहून थोडी कमी. लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होते, पण रेंजफाइंडरची जोडणी ०.७ मीटरलाच संपते. त्याच्या आत जायचं तर मागच्या पडद्यावर बघायचं. तिथवर जायची वेळच आली नाही. बंबाची टाकी मठारत बसलेले काका न थांबता म्हणाले, "ताई, जरा मागं. हातोडा मागं येतो."

मी वीतभर सरकले. "इथं चालेल?"

"चालेल. पण हलू नका आता."

तेवढ्या अंतरावरून घेतलेले फोटो मला या लेन्सचे पहिले खरे फोटो वाटतात. हातोडा डोळ्यांसमोर हातभर, मोठा, जरा हललेला. त्यामागे हात, मग चेहरा, मग खोली. कोणी विचारतं, हा हातोडा लेन्सनं मोठा केला का? नाही. लेन्स कोन देते, मोठं-लहान ठरतं ते आपण किती जवळ आहोत यावरून. ५०ची लेन्स लावून तिथेच बसले असते तरी हातोडा चेहऱ्याच्या मानानं तेवढाच मोठा आला असता, फक्त दोन्ही मिळून फ्रेममध्ये मावले नसते. म्हणजे फोटोत दिसतं ते माझं अंतर. लांबून, दारातून घेतलेला फोटो २१च्या लेन्सवर लगेच पकडला जातो, माणूस भिंतीला चिकटलेला आणि मधे ओस जमीन. जवळून घेतलेलाही पकडला जातो, आणि परवानगी होती की नव्हती हेही बहुधा कळतं. चेहऱ्यावरच असतं ते. न विचारता एवढ्या जवळ जाणारे थोर फोटोग्राफर झाले आहेत, रस्त्यावर त्यांचं निभावलं असेल. दहा फुटांच्या खोलीत, हातोडा चालू असताना, नाही.

काकांना छापील प्रती नेऊन दिल्या. त्यांनी स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून आधी टाकी पाहिली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ठोक्यांची रांग इथं वाकडी दिसतेय, तशी ती नाही. बरोबर होतं, टाकी कडेकडे होती आणि ताणली गेली होती. मी नियम केला होता तो चेहऱ्यांचा, पण मठारणाऱ्याला ठोक्यांची रांग चेहऱ्याइतकीच. पुढच्या खेपेला टाकी मधे घेतली आणि काका थोडे डावीकडे गेले. हे चित्र त्यांना पसंत पडलं. मला अजून पहिलंच आवडतं.

सध्या कॅमेऱ्यावर दिवसभर ३५ असते आणि आळीत शिरताना २१ चढते. २८ची लेन्स विकायला काढली आहे. गॅरी विनोग्रँडनं २८वर न्यूयॉर्कच्या फुटपाथांचं सोनं केलं हे मान्य. पण तिची चौकट मला चश्म्यातून दिसत नाही, खोलीत ती अपुरी पडते, आणि रस्त्यावर मला एवढं नको असतं. फिल्टर आणि हूड सोबत देणार आहे.