फळ्यावरचं नाव

मे महिन्यातला शेवटचा सोमवार होता. बंगळूरूतल्या आमच्या जिमच्या फळ्यावर ट्रेनरने एकच शब्द लिहिला होता, 'मर्फ'. त्याखाली आकडे : १.६ किलोमीटर धावणं, १०० पुल-अप्स, २०० पुश-अप्स, ३०० स्क्वॉट्स आणि शेवटी पुन्हा १.६ किलोमीटर धावणं. तेही अंगात नऊ किलो वजनाचं जॅकेट घालून!

आम्हा नवख्यांना त्याने जॅकेटशिवाय, अर्धंच करायला सांगितलं. पाच पुल-अप्स, दहा पुश-अप्स, पंधरा स्क्वॉट्स, असे दहा फेरे. पुल-अप्ससाठी मी रबरी पट्ट्याचा आधार घेतला, तरी सहाव्या फेरीला हात थरथरू लागले. कसंबसं संपवलं आणि पहिलं काम काय केलं असेल? घामेजलेला सेल्फी टाकला!

रात्री मैत्रिणीने विचारलं, "मर्फ म्हणजे कोण गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूप ओशाळल्यासारखं झालं. मग शोधून वाचलं.

मायकल मर्फी हा अमेरिकी नौदलाच्या 'सील' पथकातला लेफ्टनंट. २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात त्याच्या चार जणांच्या तुकडीला डोंगरात घेरलं गेलं. मदत मागायला सिग्नल मिळेना. तेव्हा तो आडोसा सोडून उघड्यावर गेला. फोनवर बोलतानाच पाठीत गोळी लागली. हातातून पडलेला फोन उचलून त्याने निरोप पूर्ण केला. त्या दिवशी तो, त्याचे दोन साथीदार आणि मदतीला निघालेल्या हेलिकॉप्टरमधले सोळा जण गेले. मर्फी २९ वर्षांचा होता. २००७ मध्ये त्याला मरणोत्तर 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा व्यायाम त्याच्या स्मरणार्थ कुणी नव्याने रचलेला नाही. तो त्याचा स्वतःचा आवडता व्यायाम होता. तो त्याला 'बॉडी आर्मर' म्हणायचा. तो गेल्यावर क्रॉसफिटवाल्यांनी त्याला त्याचं नाव दिलं. मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा अमेरिकेत शहीद सैनिकांचा स्मृतिदिन. त्या दिवशी हजारो लोक हा व्यायाम करतात. असे आणखीही व्यायाम आहेत, सैनिकांच्या, पोलिसांच्या, अग्निशमन जवानांच्या नावाचे. ११ सप्टेंबरला तिथे लोक ११० मजल्यांइतके जिने चढतात, २००१ च्या हल्ल्यात गेलेल्या न्यूयॉर्कच्या ३४३ अग्निशमन जवानांसाठी.

तुम्हाला वाटेल, घाम गाळून कसली श्रद्धांजली? माझा सेल्फी आठवला की मलाही तसंच वाटतं. पण त्या रात्री मला आमच्या घरातला एक फोटो आठवला.

माझे धाकटे काका सैन्यात होते. मी चार वर्षांची असताना ते गेले. साताऱ्याच्या घरी त्यांचा गणवेशातला फोटो आहे. दरवर्षी त्या तारखेला हार घातला जातो, आजी दिवसभर गप्प असते आणि आम्ही कुणी विषय काढत नाही. मला काकांची तारीख माहीत होती, काका माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजीला फोन केला. "आजी, काका व्यायाम करायचे का गं?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "करायचा म्हणजे? भरतीच्या आधी रोज पहाटे अंगणात शंभर जोर, शंभर बैठका. मी उंबऱ्यात बसून मोजायचे. मध्येच मुद्दाम आकडा चुकवायचे, म्हणजे पोराला दोन-तीन कमी पडायचे."

ती हसली. काकांबद्दल बोलताना तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल, तर हार घालाच. पण त्या माणसाला काय आवडायचं, हेही एकदा विचारून बघा. घरातली मोठी माणसं आहेत तोवरच ते विचारता येतं.

यंदा काकांच्या दिवशी मी साताऱ्याला गेले. बाबा, चुलतभाऊ आणि मी पहाटे अंगणात उतरलो. मला काही शंभर झेपणार नव्हते, पन्नास ठरवले. आजी उंबऱ्यात बसली आणि मोजू लागली.

माझे सत्तेचाळीस झाले होते. आजी म्हणाली, "पन्नास."


मी काहीच बोलले नाही.