आधी चारा, मग वरात

चाळीसगावचा टांगा आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. १९२९ साल. स्टेशनावरून वस्तीत न्यायला टांगेवाले तयार नव्हते. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं आणि बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पायाचं हाड मोडलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून भाषणांत ऐकतोय. विटाळाचा राग आला, मुठी आवळल्या. पण त्या हाकणाऱ्या माणसाचा विचार कधी केला नव्हता. घोडा आपल्या हाताखाली कधी येऊच दिला नाही, मग लगाम धरायला तो शिकणार कुठं? हे मला एका घोडीनं शिकवलं.

मी सूतगिरणीत डॉफर. भरलेल्या बॉबिना काढायच्या, रिकाम्या लावायच्या. आमचा चुलता, आण्णा, बेंजो पार्टीत ताशा वाजवतो. वरातींचा हंगाम संपला की काही घोडीवाले जनावराचं खाणं तोडतात. अशाच एकानं भंगाराच्या भावात काढलेली घोडी आण्णानं ऐन पावसाळ्यात दारात आणून बांधली. बरगड्या लांबून मोजाव्यात. पाठीचा कणा करवतीसारखा वर आलेला. शेपटीच्या दोन्ही अंगाला खड्डे. चारा चघळायची आणि त्याचे गोळे तोंडातून खाली टाकायची.

आण्णानं लगेच बादलीभर हरभरा भिजत घातला. म्हणाला, "चार दिस दाबून खाऊ दे, रेसला पळंल."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बादली बघून ओरडले, "मारायची हाय का तिला?"

मग समजावून सांगितलं. उपाशी अंगावर एकदम धान्य पडलं की रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम झपकन खाली येतं, काळीज बंद पडू शकतं. घोड्याला ओकता येत नाही. गेलं ते आत. पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आत सूज येऊन जनावर लंगडं होतं. भुकेल्याला एकदम वाढणं म्हणजे दया, असं आपल्याला वाटतं. ते तसं नाही.

आधी दात बघितले. घोड्याची दाढ वर्षानुवर्षं वर सरकत राहते, झिजताना कडेला धार येते आणि गाल फाटतो. म्हणून ती चारा टाकत होती. डॉक्टरांनी कानशीनं धार मोडली. मग जंताचं औषध. मग वाळवलेला लसूणघास, थोडा थोडा, दिवसरात्रीत सहा वेळा. दहा दिवसांत हळूहळू वाढवत पोटभर. पाणी कायम पुढ्यात, मिठाचा खडा टांगलेला. धान्याचं नाव नाही. ते पुढं, तेही मूठभरापासून.

माझी तिसरी पाळी असली की रात्रीचा चारा आई घालायची. एकदा दोनाच्या सुमाराला उठून घास तोलताना म्हणाली, "तू पोटात व्हतास तवा मला कुणी असं मोजून घातलं न्हाई." ती सहज बोलली आणि झोपली. मला त्या रात्री बॉबिना दिसत नव्हत्या.

डॉक्टरांनी वजनाचा हिशेब शिकवला. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीनं गुणायचं, ११,८८० नं भागायचं. किलो मिळतात. घेर १५०, लांबी १२८. घोडी २४२ किलो भरली. तिच्या हाडाला ३२० पाहिजे होती. अमेरिकेत १९८३ साली हेनेके यांनी घोड्याच्या अंगाची १ ते ९ अशी पट्टी बनवली. बरगड्या, कंबर, मान, खांदा हातानं चाचपून आकडा द्यायचा. ५ म्हणजे ठीक. आमची २ वर होती.

मी विचारलं, "पळवू का? कामानं अंग भरंल."

डॉक्टर म्हणाले, "उपाशी जनावर पळवलंस तर ते स्वतःचंच मांस जाळतं. आधी खाऊ दे, झोपू दे. अंग धरलं की मग काम."

म्हणजे पहिला महिना नुसतं दोरीला धरून पंधरा मिनिटं चालवणं. मग अर्धा तास. मग टेकाडाचा चढ. दुडकी सगळ्यात शेवटी. आठवड्याला एक दिवस सुट्टी.

दोस्तांनो, मी गिरणीत लागलो तेव्हा ५४ किलो होतो. तीन वर्षांत ४९ झालो. कामानं अंग बनतं, असं मुकादम रोज सांगतो. आमच्याकडं काम आधी मागतात. चाऱ्याचं कुणी विचारत नाही.

दहा आठवडे झाले. घेर १५८. वजन २६९. आणि मावसभावाचं लग्न आलं.

आमच्या गावात आपल्या वस्तीतला नवरदेव घोडीवरून वेशीतून गेलेला नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात २०१८ च्या मार्चमध्ये एका दलित तरुणाचा खून झाला. घोडा बाळगला म्हणून मारला, असं त्याच्या बापानं सांगितलं. हे सगळं माहीत असून मावसभाऊ म्हणाला, "आपली घोडी हाय. बसूनच जाणार."

मी हिशेब केला. साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं घोड्यानं न्यावं. २६९ चा पाचवा हिस्सा ५४ सुद्धा नाही. नवरदेव ५६, खोगीर आणि झूल ८. झाले ६४. मी म्हणालो, "न्हाई."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "गावानं अडवलं असतं तर समजलो असतो. तू अडवतुयास?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. आपला मान तिच्या उपाशी पाठीवर ठेवायचा नाही, एवढंच कळत होतं.

लग्न बुद्धवंदनेनं लागलं. वरातीत तो चालत निघाला, हातात घोडीची दोरी, तिची पाठ रिकामी. चावडीवरचे हसले. "घोडी असून नवरा पायी!" ते हसू माझ्या घशात अडकून बसलंय.

मावसभाऊ दोन महिने बोलला नाही. मग एका सकाळी लसूणघासाची पेंढी घेऊन दारात उभा. म्हणाला, "दोरी कशी धरायची, नीट दाव." आता त्याच्याबरोबर वस्तीतली आणखी तीन पोरं येतात. दात बघतात, घेर मोजतात, लगाम धरतात.

काल मोजली. ३०४ किलो. अजून सोळा बाकी आहेत.