बंक ठेवला

जुनी कॅराव्हॅन हाती आली की ती पहिल्या दिवशी होती तशी करायची, या मताचा मी अनेक वर्षं होतो. मागाहून मारलेले रंग, ठोकलेल्या फळ्या, सगळं उतरवायचं. मेलबर्नला आल्यावर हा नाद लागला तेव्हा शिकलो ते हेच, आणि इतरांनाही हेच सांगत आलो. घरी बांधलेल्या कॅराव्हॅनबाबत आता मला हे पटत नाही.

ऑस्ट्रेलियात पेट्रोलचं रेशनिंग फेब्रुवारी १९५० मध्ये उठलं. होल्डन गाडी १९४८ मध्येच आली होती, इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. तिला ओढवेल असं हलकं घर लोक परसात स्वतःच बांधू लागले. आत लाकडी सांगाडा, वर बॉन्डवूड, म्हणजे पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाचं प्लायवूड. कारखान्यातल्या कॅराव्हॅनला कॅटलॉग असतो, त्यावरून रंगसुद्धा ठरवता येतो. परसातल्या गाडीला कुठला कॅटलॉग?

माझं मत फिरलं ते एका बंकमुळे. परसात बांधलेल्या अशाच एका कॅराव्हॅनच्या मागच्या भिंतीला लहान मुलाच्या मापाचा बंक होता, उघडच नंतर बसवलेला. कपाटं अगदी नेटकी, स्क्रूच्या खाचासुद्धा एका रेषेत. बंकचं काम मात्र घाईचं, आणि त्याला जागा व्हावी म्हणून त्याच सुबक कपाटाचा कोपरा तिरका छाटलेला. काढायचा म्हणून फळी उलटली. मागे पेन्सिलीने फूट-इंचांत मापं होती, आणि नऊच्या आकड्याला लांब शेपूट. तसलाच नऊ मी आधी छताच्या वाशावर पाहिला होता. ज्याने गाडी बांधली, त्यानेच पुढे गरज पडली तशी ती कापली होती. मग मी कोणत्या दिवसाला मूळ म्हणायचं? तो माणूस तर वर्षानुवर्षं ती बांधतच होता.

जिवाशी गाठ असते तिथे मी जुन्याचा हट्ट धरत नाही. ब्रेक आणि वायरिंग नवं. शेगडीमागचा अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा परवानाधारक माणसाकडून काढून घेतला. कोपऱ्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली पाणी मुरून लाकूड इतकं कुजलं होतं की स्क्रूड्रायव्हर सहज आत जाई, तेवढा भाग कापून नवा जोडला.

बंक जागच्या जागी आहे. क्रीम रंगाखाली पहिला हिरवा आहे, तरी क्रीमच ठेवलाय. आमच्यातल्या काहींना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या कारखान्यातल्या गाड्यांपुरतं त्यांचं बरोबरच आहे.